भाऊजींची भानगड

शांतम् पापम्! सांगू नये, पण गावभर झालंच आहे तर माझ्याच तोंडून ऐका. आमचे धाकटे भाऊजी रात्री बारा-बारापर्यंत गोठ्यात असतात आणि गोठ्यात म्हैस नाही. गोठ्यात आहे महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर. लाल होता म्हणे एकेकाळी.

आमच्या लेकीसाठी स्थळ पाहायला चला म्हटलं, तर ऊस तोडीला आलाय. आणि या धुडासाठी तीन जिल्हे पालथे घातले! पाहण्याचा कार्यक्रमही साग्रसंगीत. आधी आर.सी. बुक, म्हणजे पत्रिका. मग गंज खरवडून चेसिस नंबर. ताजा रंग दिसला की यांचा चेहरा पडतो. खाली काय झाकलंय कोण जाणे. आणि जाण्याआधीच मालकाने इंजिन गरम करून ठेवलं असेल तर चहाही न घेता उठायचं. तापलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं, थंड दाखवा म्हणतात.

घराणं मात्र विलायती हं. इंग्लंडात ब्रॅडफर्डला इंटरनॅशनल हार्वेस्टर हे मॉडेल करायची. १९६३ साली महिंद्र, हार्वेस्टर आणि व्होल्टास यांची सोयरीक होऊन कंपनी निघाली आणि हे बाळ कांदिवलीत जन्मू लागलं. हे मला भाऊजींनी पोळ्या लाटताना सांगितलं. दोनदा.

पण खरी लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. अगदी हेच मॉडेल आमच्या मामंजींनी भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतलं होतं. ते भंगारात कुणी घातलं? याच भाऊजींनी! तेव्हा त्यांना पॉवर स्टेअरिंग हवं होतं. भंगारवाल्याने किलोवर मोजून नेला आणि यांनी त्या पैशात पेढे वाटले. आता तसलाच दुसरा दामदुपटीने आणून त्याच्या बोनेटवरून हात फिरवतात. सासूबाईंना विचारा, त्या ट्रॅक्टरचं कौतुक ऐकवतील. दिवसभर नांगरट करून मामंजी उतरले की पंज्यांची मूठ वळायची नाही. रात्री खोबरेल तेल चोळायला त्याच. थंडीत आधी हीटर तापवायचा, तरी सुरू होईल याची खात्री नाही, म्हणून रात्री उतारावर लावून ठेवायचा. शेजारच्या चार घरांना पहाटे धक्का मारायला उठवायचं. त्याला आता हे लोक ‘बाज’ म्हणतात.

नुसता आणला असता तरी एक वेळ चाललं असतं. पंप खोलला, नोझल काढले, लाइनर-पिस्टन नवे. माझ्या पापडाच्या परातीत बेअरिंगं डिझेलमध्ये भिजत पडली. एक बुश कुठेच मिळेना, तर कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन लेथवर कातून घेतला. नमुना म्हणून झिजलेला बुश पाकिटात, बायकोच्या फोटोमागे ठेवून नेला होता. जाऊबाईंनी स्वतः पाहिलंय.

आणि बेंदराला? घरात बैल नाही, तर पुरणपोळी मडगार्डावर! खंडेनवमीला पूजा करा की, कोण नको म्हणतंय. बेंदूर बैलांचा हो.

यांची टोळीच जमलीये. एकाकडे करडा फर्ग्युसन आहे. तो कायम हिलरीचं सांगतो: एव्हरेस्टवाला हिलरी १९५८ च्या जानेवारीत फर्ग्युसनवर बसून दक्षिण ध्रुवावर पोचला. पोचला असेल, याचा अजून पाटाच्या पुलापर्यंत पोचलेला नाही. दुसरा आयशरवाला. १९५९ साली फरिदाबादहून देशी बनावटीचा पहिला ट्रॅक्टर निघाला तो आयशरचाच, हे तो मयताच्या बैठकीतही सांगतो.

परवा पहाटे गोठ्यातून एकदम आवाज आला. काळा धूर माझ्या वाळवणावर. धावत गेले तर भाऊजी मांडी घालून खाली बसलेले, आणि सासूबाई, गुडघ्यांनी चार वर्षं उंबरा न ओलांडलेल्या सासूबाई, दारात उभ्या राहून सांगताहेत, “तिसऱ्यात तेल जात नाहीये. हवा काढ आधी.”

बघा म्हणजे, सासूबाईसुद्धा!

काल जेवताना आमचे हे म्हणाले, विट्याकडे एक जुना आयशर आहे म्हणे, नुसतं बघून येऊ. मी आमटी वाढता वाढता बोलून गेले, “एअर-कूल्डवाला का?”