गाडीला गोधडी

थंडीच्या बाबतीत धुळ्याची खरी चुरस निफाडशी. डिसेंबर-जानेवारीत कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की धुळेकर हात चोळत, पण छाती फुगवून, तो आकडा पाहुण्यांना ऐकवतात. निफाड अर्ध्या अंशानं पुढे गेलं तर त्या दिवशीचा चहासुद्धा पाणचट लागतो. जळगावकर या शर्यतीत फारसे उतरत नाहीत. त्यांचा नंबर मे महिन्यात राखीव असतो.

या मुलखातल्या जवळपास प्रत्येक कॉलनीत हल्ली एक आप्पा सापडतात. निवृत्त, चौकस आणि इलेक्ट्रिक गाडीचे मालक. गाडी घेतल्यावर त्यांचा पहिला काळ ‘कितली चालस?’ या एकाच प्रश्नाला उत्तर देण्यात जातो. कंपनीनं सांगितलेला आकडा, स्वतःला मिळालेला आकडा आणि शेजाऱ्याला सांगायचा आकडा असे तीन आकडे ते पाठ करतात. तेवढ्यात थंडी पडते आणि मोबाईलवर शिकागोचा व्हिडिओ येतो.

व्हिडिओ खरा आहे. जानेवारी 2024 मध्ये शिकागोत पारा शून्याखाली अठरा-वीस अंशांपर्यंत घसरला, तेव्हा चार्जिंग केंद्रांबाहेर इलेक्ट्रिक गाड्यांच्या रांगा लागल्या आणि काही तिथंच निपचित पडल्या. लिथियम-आयन बॅटरी कडाक्याच्या थंडीत आळसावते, आतले आयन सावकाश सरकतात. गोठलेल्या बॅटरीत जोरानं वीज कोंबली तर लिथियम धातूचा थर साचून तिचं कायमचं नुकसान होतं, म्हणून गाडीच स्वतःहून चार्जिंगचा वेग आखडता घेते. त्यात पेट्रोल इंजिनाची फुकटची ऊब इथं नाही. हीटर लावला की तो थेट बॅटरीतून जेवतो.

हे सगळं वाचून आप्पा रात्री गाडीवर गोधडी घालतात.

केळीच्या घडाला थंडीत पिशवी घालतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की केळीला तिचा उपयोग होतो. उभी गाडी स्वतः उष्णता तयार करत नाही, त्यामुळे पहाटेपर्यंत गोधडी आणि गाडी दोघी सारख्याच गार. आप्पांची सौ. मात्र वेगळाच मुद्दा काढते: ती गोधडी तिच्या आईनं शिवलेली आहे.

मग आप्पा कॅनडातल्या भाच्याला फोन लावतात. तो एडमंटनला, म्हणजे जिथं उणे तीस अंशांचं कोणाला विशेष वाटत नाही अशा गावी. भाचा म्हणतो, ‘मामा, इथं पेट्रोलच्या गाड्याही रात्री प्लगला लावतात.’ आप्पांना वाटतं, पोरगं थट्टा करतंय. पण ते खरंच आहे. तिकडे इंजिनाला छोटा विजेचा हीटर बसवतात, आणि कित्येक पार्किंगमध्ये त्यासाठी खांबावर प्लग असतात. थंडीपुढे वीज आणि पेट्रोल दोन्ही सारखेच लाचार, एवढं कळल्यावर आप्पांचा जीव थोडा भांड्यात पडतो.

उरलेला जीव नॉर्वे भांड्यात पाडतो. बर्फातला देश, पण 2024 मध्ये तिथं विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी सुमारे 89 टक्के इलेक्ट्रिक होत्या. याची एक सुरुवात मोठी गमतीची आहे. 1989 मध्ये ‘आ-हा’ या बँडचे कलाकार आणि काही पर्यावरणवादी विजेवर चालणारी एक छोटी फियाट पांडा घेऊन फिरू लागले आणि टोल भरायला साफ नकार देऊ लागले. पुढे इलेक्ट्रिक गाड्यांना तिथं टोलमाफी मिळाली. टोल न भरण्याची हौस आपल्याकडेही दांडगी आहे. 

आता आकड्यांकडे. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशननं 2019 मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या तपासल्या. उणे सात अंशांच्या आसपास, हीटर लावून, सरासरी 41 टक्के पल्ला घटला. हीटरशिवाय घट फक्त 12 टक्के. दुसऱ्या टोकाला त्यांनी ‘कडक उन्हाळा’ घेतला आणि एसी लावून 17 टक्के घट नोंदवली. तो कडक उन्हाळा किती अंशांचा? तर 35. पस्तीस अंशांना जळगावात लोक म्हणतात, आज बरंय वातावरण.

खरी मेख इथंच आहे. उणे सात सोडाच, शून्यही तापीकाठाला ठाऊक नाही. पहाटेच्या पाच-सहा अंशांत पल्ला थोडा घटतो, आणि ब्रेक दाबताना बॅटरीत परत जाणारी वीज सुरुवातीचे काही किलोमीटर जरा कमी मिळते. थंडीनं हाल होतात ते रावेर-यावलच्या केळीचे. पारा दहाच्या खाली रेंगाळला की चरका पडतो, घड भरायचे थांबतात, शेतकरी रात्री बांधावर शेकोट्या पेटवतात. गाडी बिचारी धुळ्याहून पारोळा-एरंडोलवरून नव्वदएक किलोमीटर जळगावला जाते आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टीला हजर असते. थंडीत तिला एकच सवय लावावी: फिरून आल्या आल्या, बॅटरी कोमट असताना चार्जिंगला लावावं. पहाटे उठून लावण्यात फक्त मालकाला हुडहुडी भरते.

मे महिन्याचा व्हिडिओ मात्र कोणी पाठवत नाही. पंचेचाळीस अंशांत पत्र्याखाली भाजत पडलेली बॅटरी गाजावाजा न करता म्हातारी होत जाते. रांग लागत नाही, की गाडी निपचित पडत नाही. फक्त काही वर्षांनी पल्ला आटलेला दिसतो. शिवाय उन्हाळ्यात काळी जमीन वाळून भेगाळते, अर्थिंग कमजोर होतं आणि चार्जर लाल दिवा दाखवून संपावर जातो. तेव्हा आप्पा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात. हा उपाय गोधडीपेक्षा कितीतरी शास्त्रशुद्ध आहे, पण त्याची शेखी ते कधी मिरवत नाहीत.

तेव्हा खान्देशात गाडी घ्यायला निघालेल्यांना एक विनंती. शोरूममध्ये हीटरची चौकशी नंतर करा. आधी विचारा, बॅटरी गार ठेवायला आत द्रव फिरतो की नुसत्या हवेवर भागवलंय. आणि पूर्ण चार्ज केलेली गाडी मेच्या उन्हात दिवसभर उभी करू नका, कडुनिंबाखाली लावा.