नेमनोडला रीस्टार्टनंतर कसे गुदमरवावे : नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

साहित्य : एक हडूप क्लस्टर, त्याचा एकुलता नेमनोड, जेमतेम पुरणारी हीप मेमरी आणि ‘बंद करून चालू केले की सगळे ठीक होते’ ही श्रद्धा. बाकी काही कमी असले तरी चालेल. श्रद्धा पक्की हवी.

पायरी १ : फायली बारीक चिरा. फाइल, डिरेक्टरी, ब्लॉक अशा प्रत्येक गोष्टीची नोंद नेमनोड मेमरीतच ठेवतो. नोंदीमागे ढोबळ मानाने १५० बाइट. एक जीबीची सलग फाइल १२८ एमबीच्या ८ ब्लॉकमध्ये मावते. एकूण नोंदी ९, खर्च दीड केबीच्या आत. एवढ्याने कुणी गुदमरत नाही. तोच एक जीबी एकेक केबीच्या फायलींत ठेवा. दहा लाखांवर फायली, तितकेच ब्लॉक, आणि हीपमधले ३०० एमबी गेलेच.

पायरी २ : चेकपॉइंटकडे दुर्लक्ष करा. रोजचे बदल एडिट लॉगमध्ये साठतात. ते दर तासाला किंवा दहा लाख व्यवहारांनंतर एफएसइमेजमध्ये, म्हणजे नोंदींच्या डिस्कवरच्या प्रतीत, मिसळायचे काम सेकंडरी नेमनोडचे. तो बंद पडला तरी कुणाची तक्रार येत नाही. ही संधी सोडू नका.

पायरी ३ : रीस्टार्ट करा. नेमनोड आधी अख्खी एफएसइमेज वाचेल, मग लॉगमधला बदल न् बदल पुन्हा करेल. कोणता ब्लॉक कोणत्या डेटानोडवर आहे, हे मात्र त्याने डिस्कवर लिहिलेलेच नसते. ते डेटानोडांनी येऊन सांगायचे. सगळ्यांना एकदम सांगू द्या. अहवाल तुंबतात, गार्बेज कलेक्शन नेमनोडला खिळवून ठेवते, आणि उत्तर आले नाही म्हणून डेटानोड तोच अहवाल पुन्हा धाडतात. नव्या आवृत्त्यांत एका वेळी ६ जणांनाच पूर्ण अहवालाची परवानगी असते. तो आकडा शोधून सढळ हाताने वाढवा.

पायरी ४ : सेफ मोड मोडा. ९९.९ टक्के ब्लॉकांचा पत्ता लागेपर्यंत नेमनोड सेफ मोडमध्ये थांबतो. त्याला जबरदस्तीने बाहेर काढा. ज्यांचे अहवाल यायचे आहेत त्यांच्याकडच्या प्रती हरवल्या असे धरून तो नव्या प्रतींची यादी करायला बसेल. यादीही हीपमध्येच.

पायरी ५ : मेमरी भरली? पुन्हा रीस्टार्ट. आतापर्यंत गोळा झालेले सगळे पत्ते पुसले जातील आणि डेटानोड नव्या उत्साहाने रांगेत येतील.

सावधान! छोट्या फायली एकत्र बांधणे, शेवटचा चेकपॉइंट कधी झाला ते रोज पाहणे, डेटानोडांचे पहिले अहवाल थोड्या थोड्या अंतराने येतील असे ठरवणे, हीपमध्ये मोकळी जागा राखणे : यांतले काहीही केल्यास प्रयोग फसू शकतो. नेमनोडची भूक फायलींच्या संख्येवर ठरते, आणि रीस्टार्टने एकही फाइल कमी होत नाही. ही गोष्ट वरिष्ठांच्या लक्षात येण्याआधी जादा रॅमचा अर्ज मंजूर करून घ्या.