नावांचा तालुकदार

डोमेनवाला हा लखनौच्या अलीगंज, इंदिरानगर आणि गोमतीनगर या भागांत आढळणारा, साधारण पंचवीस ते चाळीस वयाचा, बहुधा अविवाहित गृहस्थ होय. इंटरनेटवरची नावे हजारभर रुपयांत आपल्या नावावर करून ठेवायची आणि गरजवंत भेटला की लाखांत विकायची, हा त्याचा जाहीर व्यवसाय. ब्लॉग चालवणे आणि चालता ब्लॉग मुळासकट विकून टाकणे हे त्याच्या मते जोडधंदे. यांतल्या नेमक्या कशावर पोट चालते, हे त्याला विचारू नये. पुढे कळेलच.

त्याची उत्पत्ती कपूरथला चौकाच्या आसपासच्या कोचिंग क्लासांत होते. उत्तर प्रदेशात सरकारी भरतीचा अर्ज भरल्यापासून नेमणुकीचे पत्र हाती येईपर्यंत जो काळ जातो, त्यात माणूस एखादा धंदा उभारून बुडवूही शकतो. हा गृहस्थ निकालाची वाट पाहत असतो आणि आपल्यासारखे आणखी किती जण वाट पाहत आहेत, हे एका दिवशी त्याच्या ध्यानात येते. शिपाई भरतीचेच पाहा. २०२३ च्या अखेरीस राज्य पोलिसांत ६०,२४४ जागा निघाल्या आणि अर्ज आले ४८ लाखांच्या वर. फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा झाली, पेपर फुटल्यामुळे आठवड्याभरात रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली. उमेदवारांचे त्यात अतोनात हाल झाले. ब्लॉगवाल्याला मात्र एकाच पेरणीत दोन पिके मिळाली. त्या ४८ लाखांत तो स्वतःही असतो, कारण वडिलांनी अर्ज भरायला लावलेला असतो.

निकालाचा ब्लॉग हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि त्याची घडण पाहण्यासारखी असते. ‘यूपी बोर्ड का रिजल्ट कब आएगा’ या मथळ्याचा लेख बाराशे शब्दांचा असतो. पहिल्या परिच्छेदात विद्यार्थ्यांच्या मनाची घालमेल, दुसऱ्यात बोर्डाची स्थापना १९२१ साली झाली ही माहिती, तिसऱ्यात बोर्डाचे कार्यालय प्रयागराजला असल्याची. मग निकाल कसा पाहावा याच्या पायऱ्या, त्यांतली पहिली ‘मोबाइलमध्ये इंटरनेट सुरू करा’ ही. हा लेख वाचणाऱ्याने ती पायरी कधीच ओलांडलेली असते, पण शास्त्र म्हणून ती द्यावी लागते. मधे मधे टूथपेस्टच्या, कर्जाच्या आणि खासगी विद्यापीठांच्या जाहिराती. शेवटच्या परिच्छेदात उत्तर येते: तारीख अजून जाहीर झालेली नाही. दहावी आणि बारावी मिळून पन्नास लाखांच्या आसपास मुले परीक्षेला बसतात आणि त्यांतली बरीच या शेवटच्या परिच्छेदापर्यंत नेटाने जातात. एमपीएससीच्या हॉल तिकिटावर जगणारे याचे सख्खे भाऊ पुण्यात सदाशिव पेठेत सापडतात. ते इतकेच, पण अधिक गंभीर चेहऱ्याने लिहितात.

यातून पैसा येतो तो गुगलच्या अ‍ॅडसेन्समधून. ही योजना २००३ पासून आहे. हिंदी मजकुराला तिचे दार २०१४ च्या अखेरीस उघडले आणि मराठीचा नंबर त्यानंतर काही वर्षांनी लागला. खात्यात दहा डॉलर जमले की गुगल पत्ता खरा आहे की नाही हे तपासायला सहा आकडी पिन टपालाने पाठवते. जगातली सगळ्यात आधुनिक कंपनी आणि इंदिरानगरचा पोस्टमन यांची गाठ इथे पडते. पत्ता ‘पानी की टंकी के पीछे, मंदिर वाली गली’ असा असल्यामुळे पाकीट दोन-चार आठवडे फिरते. आल्यावर पोस्टमन बक्षिशी मागतो, आई पाकीट देवापुढे ठेवते, आणि वडील, जे जलनिगमातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले असतात, ते चष्मा लावून पाकीट उलटसुलट पाहतात. त्यांना त्यावर शिक्का दिसत नाही. बिनशिक्क्याच्या कागदावर त्यांचा विश्वास नाही, आणि तो पुढेही बसत नाही.

दहा डॉलरनंतर शंभराचा टप्पा. त्याखाली गुगल पैसे सोडत नाही. या वाटेत अनेक खाती नातेवाइकांच्या प्रेमामुळे बंद पडतात. भाऊ कष्ट करतोय म्हणून कानपूरची चुलत भावंडे रोज रात्री बसून त्याच्या ब्लॉगवरच्या जाहिराती दाबतात. गुगलच्या नियमांत आप्तस्नेहासाठी कलम नाही. तिथे याला अवैध क्लिक म्हणतात आणि खाते कायमचे बंद होते. दुसरे खाते आईच्या नावाने निघते. लखनौत अशा कित्येक माता आहेत, ज्या बँकेच्या कागदोपत्री सेवांच्या निर्यातदार आहेत. मॅनेजर त्यांना आदराने विचारतो, ‘माताजी, आप विदेश क्या भेजती हैं?’

भारतातल्या वाचकामागे मिळणारा दर अमेरिकेतल्या वाचकापेक्षा फार कमी असतो, हे कळल्यावर डोमेनवाला दुसऱ्या अवस्थेत शिरतो. तो इंग्रजीत आणि अमेरिकेसाठी लिहू लागतो. जूनमध्ये बाहेर लू वाहत असते, पारा चव्वेचाळिसाला टेकलेला असतो, वीज गेलेली असते, आणि अलीगंजच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो ‘तीनशे डॉलरच्या आतली बर्फ उपसण्याची दहा उत्तम यंत्रे’ यांचा तौलनिक अभ्यास लिहीत असतो. बर्फ त्याने प्रकाश कुल्फीवाल्याच्या फालुद्यात पाहिलेला असतो. तरीही तिसऱ्या क्रमांकाच्या यंत्राचा दांडा हातमोजे घातलेल्या हाताला कसा सोयीचा आहे, हे तो इतक्या आत्मीयतेने सांगतो की मिनेसोटातला कोणी खरोखरच ते यंत्र मागवतो आणि याला दलाली मिळते.

अशी साइट महिना काही शे डॉलर कमावू लागली की ती विकायची. फ्लिप्पा नावाचा बाजार २००९ मध्ये मेलबर्नमध्ये सुरू झाला. तिथे साइटची किंमत साधारणपणे महिन्याच्या निव्वळ नफ्याच्या पंचवीस-तीस पट धरतात. पैसे तिऱ्हाइताकडे ठेवले जातात, साइट नव्या मालकाच्या नावावर चढते, मग पैसे सुटतात. व्यवहार चोख आहे. सगळे कौशल्य ‘केव्हा’ विकायची यात आहे, कारण गुगल अधूनमधून आपले निकष बदलते आणि काल पहिल्या पानावर असलेली साइट आज कोणालाच सापडत नाही. २०११ च्या फेरबदलाला गुगलने पांडा हे गोंडस नाव दिले होते, २०१२ च्या फेरबदलाला पेंग्विन. सप्टेंबर २०२३ च्या फेरबदलाला प्राण्याचे नाव नव्हते, पण त्याने खाल्ले सर्वांत जास्त. त्याच्या आदल्या महिन्यात ज्याने साइट विकली, त्याला लखनौच्या लालबागेत शर्माजींच्या चहाच्या टपरीवर द्रष्टा म्हणून मान मिळतो आणि बन-मख्खन दुसरे लोक खाऊ घालतात. विकत घेणारा कोण होता, हे कोणी विचारत नाही.

इथवरचा सगळा उद्योग तो चाकरी समजतो. त्याचा जीव आहे तो नावांत. १८५७ नंतर इंग्रजांनी अवधच्या तालुकदारांना सनदा दिल्या, तशा त्याच्याकडे नावे नोंदवणाऱ्या रजिस्ट्रारच्या पावत्या असतात. गावे दोनशे, वसूल शून्य, सारा मात्र दरवर्षी भरायचा. डॉट कॉमच्या एका नावाला वर्षाला साधारण हजार रुपये पडतात. दोनशे नावांचे दोन लाख. पहिल्या वर्षी नाव नव्व्याण्णव रुपयांतही मिळते, आणि त्या नव्व्याण्णवाच्या मोहात पुढच्या दहा वर्षांचा प्रपंच मागे लागतो.

नाव कोणते घ्यावे याचे आडाखे तो वर्तमानपत्रावरून बांधतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये अलाहाबादचे प्रयागराज झाले, नोव्हेंबरमध्ये फैजाबाद जिल्ह्याचे अयोध्या. पुढची पाळी लखनौचीच, ही कुजबूज चौकाचौकांत सुरू झाली. मग लक्ष्मणपुरी घ्यायचे ठरते. पण रोमन लिपीत ते एक्सने लिहायचे की केएसएचने? एचनंतर ए की नाही? लखनपुरी झाले तर? लखनपूर? सरकार कोणते स्पेलिंग निवडेल याचा भरवसा नसल्यामुळे सगळीच घ्यावी लागतात, आणि त्या प्रत्येकाच्या पुढे ‘मेट्रो’, ‘प्रॉपर्टी’ आणि ‘न्यूज’ जोडूनही. शहराचे नाव आजही लखनौच आहे. नूतनीकरण मात्र दरवर्षी होते, कारण सोडले आणि दुसऱ्याच दिवशी नाव बदलले तर?

याहून मोठा घोळ क्रिकेटने घातला. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरपीएसजी समूहाने ७,०९० कोटी रुपये मोजून आयपीएलचा लखनौ संघ घेतला. नाव जाहीर व्हायला जानेवारी उजाडला. मधल्या तीन महिन्यांत डोमेनवाल्यांनी नवाब, टायगर्स, लायन्स, वॉरियर्स, पँथर्स अशी सगळी वंशावळ आणि सगळे अभयारण्य नोंदवून टाकले. २४ जानेवारी २०२२ रोजी नाव आले: लखनौ सुपर जायंट्स. वास्तविक याच मालकांनी २०१६ आणि २०१७ मध्ये पुण्याचा संघ चालवला होता आणि त्याचे नाव रायझिंग पुणे सुपरजायंट्स होते. दुसऱ्या वर्षी त्यातला शेवटचा ‘एस’ तेवढा गळाला. कोणाही पुणेकराला विचारले असते तर त्याने सांगितले असते, आणि आपल्याला आधीच माहीत होते हेही. पण लखनौच्या डोमेनवाल्याला पुणेकराला विचारायची सवय नाही.

मुदत संपून सुटणारी नावे पकडणे ही या शौकाची रात्रपाळी. डॉट कॉमचे नाव मालकाने सोडले की काही दिवस सवलतीचे, मग तीस दिवस दंड भरून सोडवण्याचे, मग पाच दिवस कोणालाच हात लावता येत नाही असे, आणि मग ते खुले होते. भारतात तेव्हा मध्यरात्रीचा सुमार असतो. हा गृहस्थ बोट कळीवर ठेवून बसतो. परदेशी कंपन्यांची यंत्रे ते नाव सेकंदाच्या अंशात उचलतात. याचे पान अजून उघडतच असते. सकाळी उशिरा उठण्याचे कारण म्हणून घरच्यांना हे पटत नाही.

विक्रीची बोलणी मात्र ऐकण्यासारखी असतात. या धंद्यात आकडा जो आधी सांगतो तो फसतो, असा नियम आहे. त्यामुळे दोन लखनवी डोमेनवाले समोरासमोर आले की ‘आप फरमाइए’, ‘नहीं, पहले आप’ हे आठवडाभर चालते. शहराबाहेरचे लोक याला तहजीब समजतात.

या जमातीच्या दोन पुराणकथा आहेत. पहिली: सप्टेंबर २०१५ मध्ये कच्छमधल्या मांडवीच्या एका माणसाने चक्क गुगल डॉट कॉम बारा डॉलरला विकत घेतले आणि एक मिनिटभर तो त्याचा मालक होता. गुगलने त्याला ६,००६.१३ डॉलरचे बक्षीस दिले, आणि तो ते दान करतोय हे कळल्यावर दुप्पट केले. दुसरी जिओहॉटस्टारची. दोन कंपन्या एकत्र येणार हे ताडून दिल्लीच्या एका तरुणाने नाव आधीच घेतले आणि २०२४ मध्ये बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. तो मिळाला नाही. नाव पुढे दुबईच्या दोन लहान भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते फुकट देऊ केले. डोमेनवाला पहिली कथा पूर्ण सांगतो. दुसरी केंब्रिजपर्यंत सांगून थांबतो.

दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावावर बसणे कायद्याला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळते, असे सांगितले. डॉट इन २००५ मध्ये सर्वांना खुले झाले, तेही तंट्यांसाठी लवादाची तरतूद घेऊनच. कंपनीची नोटीस आली की डोमेनवाला ती चौकट करून लावतो. कोणीतरी मोठ्याने आपली दखल घेतली, हे त्यातून वडिलांना दाखवता येते. त्या कागदावर शिक्काही असतो.

२०१४ मध्ये देवनागरीतले डॉट भारत आले तेव्हा त्याने हिंदी नावांचीही जहागीर केली. मराठी आणि कोकणी त्याच योजनेत होत्या. नावे सुरेख आहेत. ती टाइप करण्यासाठी कळफलक बदलावा लागतो आणि तेवढे कष्ट कोणी घेत नाही. अलीकडे ओढा डॉट एआयकडे आहे. एआय हे मुळात अँग्विला या चिमुकल्या कॅरिबियन बेटाचे संकेताक्षर. २०२३ मध्ये त्या सरकारला यातून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, एकूण महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. जलनिगमाच्या निवृत्तिवेतनाचा काही भाग अँग्विलाच्या तिजोरीत जातो, हे निवृत्तिवेतनधारकाला माहीत नसते.

लग्न हा या गृहस्थाचा खरा उन्हाळा. ‘लड़का क्या करता है?’ या प्रश्नाला वडील ‘प्लॉट का काम’ असे उत्तर देतात. सुलतानपूर रोडवर निम्मे शहर प्लॉटच विकत असल्यामुळे ते खपते. सोयरे प्लॉट कुठे आहे विचारतात तेव्हा अडचण होते. डिसेंबर २०१९ मध्ये शहरातले इंटरनेट काही दिवस बंद होते. त्या दिवसांत अनेक घरांना पहिल्यांदाच कळले की मुलगा खरोखर काहीतरी करत होता, कारण तो आता काहीच करत नव्हता.

हिशेब मांडला तर दोनशे नावांतले वर्षाला एखादे विकले जाते, तेही बहुधा दुसऱ्या डोमेनवाल्याला. घर चालते ते शिपायांच्या प्रवेशपत्रावर आणि मिनेसोटाच्या बर्फावर. नावांचा सारा भरला जातो तोही बराचसा त्यातूनच. तरी ओळख करून देताना तो स्वतःला ‘डोमेन इन्व्हेस्टर’ म्हणवतो, आणि निकालाच्या ब्लॉगवर लेखक म्हणून ‘टीम’ एवढेच लिहितो. तेव्हा एखाद्या मराठी घरात असे स्थळ सांगून आले, तर नावांची यादी बघत बसू नये. मागच्या बारा महिन्यांचे बँकेचे स्टेटमेंट मागावे आणि बोर्डाच्या निकालाचा महिना वगळून बाकीच्या अकरांची बेरीज करावी.