पत्रादेवीपासून दक्षिण विभाग

भारतीय क्रिकेटच्या हिशेबात पश्चिम विभाग बांद्याला संपतो. पत्रादेवीचा नाका ओलांडला की दक्षिण विभाग लागतो. दुलीप करंडकाची वेळ आली की गोव्याने तामिळनाडू, केरळ, कर्नाटकाबरोबर उभं राहायचं, आम्ही सिंधुदुर्गवाल्यांनी बडोदा-सौराष्ट्राबरोबर, आणि नागपूरकरांनी मध्य विभागात. बांद्याचा माणूस शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जातो आणि जेवणवेळेला परत येतो. तेवढ्यात त्याने दोनदा विभाग बदललेला असतो, आणि घरात त्याला कोणी त्याबद्दल विचारतसुद्धा नाही.

मालवणात विचारतात. जून-जुलै हे आमचे मासेमारी बंदीचे महिने. होड्या वर ओढून झापाखाली ठेवलेल्या, जाळी शिवायला काढलेली, आणि समुद्र कोणाला जवळ येऊ देत नाही. नेमकी याच सुमाराला क्रिकेट मंडळाकडून पुढच्या मोसमाची रणजीची गटवारी येते. रिकामे हात आणि ताजी गटवारी एकत्र आली की काय होतं ते बघायचं असेल, तर धक्क्याजवळच्या आमच्या चहाच्या टपरीवर यावं. येताना स्वतःचं मत आणू नये, इथे भरपूर आहेत.

टपरीतलं बहुमत मुंबईचं. प्रत्येकाचा एक काका गिरणीत होता, एक भाऊ डोंबिवलीत आहे, त्यामुळे मुंबईचे 42 करंडक हे घरातलेच. पण मुंबईच्या संघाचं राज्य ठाण्या-पालघरकडेच आटपतं. आमचा जिल्हा कागदोपत्री पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचा, आणि या कागदाचा मान राखणारे टपरीवर एकटे गुरुजी. निवृत्त शिक्षक, हातात घडी केलेली छत्री, आणि जिभेवर महाराष्ट्राचे जुने कर्णधार देवधर. “महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकलीय,” असं ते दर पावसाळ्यात सांगतात.

“गुर्जी, तेवा तुमी जल्माक तरी इललास काय?”

“ज्ञानेश्वरी लिहिली तेव्हा तू आला होतास?” गुरुजी विचारतात.

तिसरा आमचा तांडेल. करंडक कोणी उचलला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याचा मुद्दा भाड्याचा. “मॅच बघूक रात्रभर एश्टीत बसान पुण्याक कित्याक जावचा? पर्वरी हय बाजूक आसा. आमका गोव्यात टाका नि मोकळे होवा!” गोव्यात टाकलं तर आपण गोवेकर होऊ, असं कोणी म्हटलं की तो गंभीरपणे म्हणतो, “पेट्रोल तरी स्वस्त गावात.” तो पेट्रोलच म्हणतो, पण ऐकणाऱ्यांना कळायचं ते कळतं.

तांडेलाचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण आमचा जिल्हाच गटवारीचा मार खात वाढलेला आहे. 1 मे 1981 ला तो रत्नागिरीतून वेगळा निघाला. दहावीची मुलं कोल्हापूर बोर्डात बसायची, 2012 ला कोकणाचं वेगळं बोर्ड झालं. कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. म्हणजे आमच्या स. का. पाटील महाविद्यालयातला पोरगा विद्यापीठाकडून खेळला तर मुंबईचा आणि जिल्ह्याकडून खेळला तर पुण्याचा. हायकोर्टाचे दावे मुंबईत चालायचे, 18 ऑगस्ट 2025 पासून ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेले. आणि छातीत दुखू लागलं की गाडी सरळ गोव्यात बांबोळीच्या इस्पितळाकडे वळते, तिथे कोणी पश्चिम की दक्षिण असं विचारत नाही. माझ्या पिढीचा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मला, कोल्हापूर बोर्डात पास झाला, मुंबई विद्यापीठात नापास झाला आणि गोव्यात बरा झाला. जागचा हलला मात्र नाही.

अशा माणसांपुढे 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळातल्या मतदानासाठी लोढा समितीचं ‘एक राज्य, एक मत’ मान्य करून ठेवलं. महाराष्ट्रात संघटना तीन: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. एका रेशनकार्डावर तीन चुली, आणि साखर एकीलाच मिळणार. गुरुजी म्हणाले, राज्याचं नाव ज्याच्या अंगावर त्याचं मत. मुंबईवाले म्हणाले, करंडक मोजा. दोन्हीकडून आवाज चढत असताना 2018 च्या पहिल्याच दिवशी विदर्भाने दिल्लीला हरवून आपला पहिला करंडक जिंकला, आणि टपरीवर दोन दिवस फक्त चहा भुरकल्याचे आवाज आले. मुंबईच्या पोटी जन्मलेले चंद्रकांत पंडित विदर्भाचे प्रशिक्षक आणि वसीम जाफर त्यांच्या फलंदाजीत, हा दिलासा आमच्या लोकांनी तिसऱ्या दिवशी शोधून काढला. ऑगस्ट 2018 मध्ये न्यायालयाने तिघांनाही आपापलं मत परत दिलं. विदर्भाने पुढच्या मोसमात पुन्हा करंडक घेतला, 2024-25 ला तिसऱ्यांदा घेतला. त्यांच्याविषयी टपरीवर अजूनही जपून बोलतात.

पण खरं महाभारत घडलं ते 594 आणि 606 या आकड्यांवरून.

2016-17 चा अख्खा रणजी मोसम त्रयस्थ मैदानांवर खेळवला गेला. घरच्या खेळपट्टीचा कोणाला फायदा नको, हा विचार. महाराष्ट्राचा दिल्लीशी सामना आला वानखेडेवर. महाराष्ट्राला मुंबई त्रयस्थ! संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या गुरुजींना हे ऐकून पाणी मागावं लागलं. पण त्या परमुलखात स्वप्निल गुगळे नाबाद 351 आणि अंकित बावणे नाबाद 258, तिसऱ्या विकेटची न तुटलेली 594 धावांची भागी. जागतिक विक्रम संगकारा-जयवर्धने यांचा, 624 चा. तीस धावा राहिल्या असताना डाव घोषित झाला, 2 बाद 635 वर. घोषित करणारा कर्णधार खुद्द गुगळे, विक्रमाची त्याला कल्पनाच नव्हती. इतकं करून सामना जिंकला म्हणावं, तर ऋषभ पंतने दिल्लीकडून 308 ठोकल्या आणि सामना अनिर्णित सुटला. “तीस धावा,” गुरुजी अजून म्हणतात, आणि छत्रीची दांडी फळीवर आपटतात. तरी रणजीतला विक्रम आपला, हे समाधान त्यांनी आठ वर्षं जपलं.

नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याने तेही काढून घेतलं. पर्वरीला, अरुणाचल प्रदेशाविरुद्ध, प्लेट या खालच्या गटात. कश्यप बखले नाबाद 300, स्नेहल कवठणकर नाबाद 314, भागी 606, आणि तीही न तुटलेली. गोवा 2 बाद 727. अरुणाचल 84 आणि 92.

“प्लेटमधला विक्रम विक्रम नव्हे,” गुरुजींनी निकाल दिला.

मोपाच्या विमानतळावर नोकरीला जाणारा आमचा एक झिल म्हणाला, “गुर्जी, रन ते रन. स्कोअरबुकात गट खय लिवतत?”

“निंबाळकरांनी 443 केल्या, त्या कोणाविरुद्ध?” मुंबईपक्षाने संधी साधली. 1948 साली पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ब्रॅडमनच्या 452 ला नऊ धावांवर येऊन ठेपले होते आणि काठियावाडने सामनाच सोडून दिला, ही गोष्ट गुरुजींनीच आम्हाला शेकडो वेळा सांगितलेली. आता ती त्यांच्यावर उलटली. तांडेलाला मात्र दुसरीच काळजी. “अरुणाचलवाले इतक्या लांबसून इले आणि दोन दिसात परत धाडल्यानी? तेंका मासे तरी खावक घातल्यानी काय?”

इथे माझं मत सांगतो, टपरीवर ते कोणी ऐकून घेत नाही. 1934-35 पासून रणजी विभागवार चालली. शेजाऱ्याने शेजाऱ्याशी खेळायचं, मग बाहेर पडायचं. 2002-03 पासून एलिट आणि प्लेट अशी गुणवत्तेची उतरंड आली, 2018-19 ला नऊ नवे संघ येऊन संख्या 37 झाली, आणि गटवारी गुणांवर. न्याय्य आहे, वाद नाही. पण चाहत्याला न्याय नको असतो, त्याला शेजाऱ्याला हरवायचं असतं. ज्याला टोमणा मारायला उद्या सकाळी बाजारात भेटता येत नाही, त्याला हरवून काय मिळतं? मार्च 1949 मध्ये पुण्यात मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामना झाला. मुंबई 651 आणि 714, महाराष्ट्र 407 आणि 604. एकूण 2376 धावा, प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या कुठेच झालेल्या नाहीत. महाराष्ट्र 354 धावांनी हरला, पण हरतानासुद्धा चौथ्या डावात 604! परक्याविरुद्ध एवढा वेळ उन्हात कोण उभा राहील?

शेजारी म्हणजे कोण हे ठरवायचं कशावरून, हा प्रश्न उरतोच. मुंबईच्या जुन्या सामन्यांत ते धर्मावरून ठरायचं. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे संघ होते, आणि जे कशातच बसेनात त्यांच्यासाठी 1937 साली ‘द रेस्ट’ नावाचा पाचवा संघ निघाला. थोडक्यात, उरलेसुरले. सांगलीचे ख्रिस्ती विजय हजारे यांतले. 1943 साली अंतिम सामन्यात त्यांनी हिंदूंविरुद्ध उरल्यासुरल्यांच्या 387 पैकी 309 एकट्याने केल्या. भाऊ विवेकबरोबर 300 ची भागी, त्यात भावाच्या 21. ही गटवारी 1946 नंतर बंद पडली ते फार बरं झालं. पण ‘उरलेसुरले’ हा संघ सिंधुदुर्गासाठी राखून ठेवायला हवा होता असं मला कधी कधी वाटतं.

हा आजार आपल्यापुरता नाही, हे माझ्या भाच्यामुळे कळलं. तो मिनियापोलिसला असतो आणि तिथल्या विद्यापीठाच्या आइस हॉकीचा भक्त आहे. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याचं तोंड इतकं उतरलेलं होतं की बहिणीला वाटलं नोकरी गेली. कारण निघालं ते असं: मिनेसोटाचं हाडवैर नॉर्थ डकोटाशी, दोघं वर्षानुवर्षं एकाच गटात. 2013 साली मिनेसोटाला ‘बिग टेन’ या श्रीमंत गटाने हॉकीसाठी ओढून घेतलं, नॉर्थ डकोटा दुसऱ्या नव्या गटात गेलं, जुना गट पार विस्कटला. लोक तेव्हापासून भांडतायत. मी फोन टपरीवर नेला आणि त्याला सगळ्यांना समजावून सांगायला लावलं.

“बिग टेन म्हणजे दहा संघ?” गुरुजींनी तपासणी सुरू केली.

“नाही, अठरा विद्यापीठं.”

“हॉकीत अठरा?”

“हॉकीत सात. त्यातलं एक, नोत्र दाम, बिग टेनमध्ये नाहीच. फक्त हॉकीपुरतं आलंय.”

गुरुजींनी फोन माझ्या हातात परत दिला. गणिताच्या शिक्षकाला यापुढे ऐकवेना. तांडेल इतका वेळ पडद्यात डोकावत होता. “बर्फार खेळतत? एवढो बर्फ?” हा त्याचा एकच प्रश्न. आमच्याकडे बर्फ सुरमईवर घालायचा असतो, त्यावर माणसं घसरताना बघून तो अस्वस्थ झाला. पण भाच्याचं दुःख मात्र त्यालाच नेमकं कळलं. फोन ठेवल्यावर म्हणाला, “ज्येच्याशी भांडाचा तोच लांब गेलो, तर मग माणसान करूचा काय?”

आता तर खेळाडूच गट बदलतात. अर्जुन तेंडुलकर 2022 ला मुंबई सोडून गोव्याकडून खेळू लागला तेव्हा मुंबईपक्षात सुतक पाळायची तयारी झाली होती. तांडेलाने ती मोडून काढली. “तेंडुलकर म्हणजे मूळचे आमच्या तेंडोलीचे. तेंडोलीसून मुंबय लांब काय गोवा? झिल घराजवळ इलो.” यावर इतिहासाचा पुरावा कोणी मागितला नाही. 2025 ला पृथ्वी शॉ मुंबईहून महाराष्ट्राकडे आला, त्या दिवशी गुरुजींनी सगळ्यांचा चहा दिला. त्याच वर्षी यशस्वी जयस्वालने गोव्याकडे जायला परवानगी मागितली आणि महिन्याभरात अर्ज मागे घेतला. तेवढ्या वेळात झिलाने बांधलेले मनोरे आणि लावलेल्या पैजा यांचा हिशेब अजून मिटलेला नाही.

आणि मग 2025-26 च्या गटवारीत नवल घडलं. गोवा प्लेटमधून वर आला आणि महाराष्ट्राबरोबर एकाच एलिट ब गटात पडला. मुंबई तिकडे ड गटात. पत्रादेवीच्या अल्याड-पल्याडचे संघ समोरासमोर! टपरीवर ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी तांडेल उभाच राहिला. कोणाच्या बाजूने ओरडायचं हे त्याने ठरवलेलं नव्हतं, पण ओरडायचं हे ठरलं होतं.

आता उरली देवाची बाजू. मे महिन्यात चाकरमानी आले की टेनिस बॉलच्या सामन्यांना ऊत येतो आणि नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय पहिला बॉल पडत नाही. यंदा वाड्यावाड्यांच्या गटवारीवरूनच आधी तासभर भांडण झालं, चिठ्ठ्या दोनदा उघडल्या, आणि त्या गरमीत गाऱ्हाणं घालायचं काम आलं तांडेलाकडे. त्याने डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही तुझी लेकरां हय एकठांय झाली आसत. पावसाक वायच थोपव, बॉल कोणाच्या माडार अडकवू नको…”

“व्हय म्हाराजा!”

“रणजीत म्हाराष्ट्राक आणि गोव्याक दरवर्सा एकाच गटात ठेव. मॅच पर्वरीक घाल, आणि थय जावंक सकाळची एश्टी वेळेर सोड…”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या मुंबयवाल्यांची जी काय मिजास आसा, ती उतरवन् तेंका एक वर्स प्लेटीत खेळव…”

मैदानावर शांतता पसरली. मंडप, लाउडस्पीकर आणि पहिलं बक्षीस मुंबईच्या मंडळाचं होतं. मागून माझ्या भावोजींचा आवाज आला, “तांडेला, वर्गणी परत घेऊ काय रे?”

तांडेलाने डोळे उघडले नाहीत. नारळावरचा हातही हलवला नाही. “…प्लेटीत खेळवची बुद्धी ज्या कोणा वैऱ्याक होयत, तेचो बेत मोडून काढ, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं मैदान दणाणलं.

गुरुजी तेवढे गप्प होते. नारळ फुटल्यावर ते आयोजकांपाशी गेले आणि म्हणाले, हा ठराव बहुमताने झालाय, एकमताने नाही, इतिवृत्तात तशी नोंद घ्या.