गाडीचे कानसेन

भंडाऱ्यात खांब तलावाजवळच्या एखाद्या चहाटपरीपुढे गाडी उभी करा. इंजिन बंद व्हायच्या आत एक गृहस्थ बशी खाली ठेवतात, मान तिरकी करतात आणि चेहरा असा करतात, की गाडीत कुणी दगावलं की काय असं तुम्हाला वाटावं.

"कधीपासून हाये जी हे?"

"काय?"

"आवाज."

हे गृहस्थ मेकॅनिक नाहीत. कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेत. पाना त्यांच्या हातात कुणी पाहिलेला नाही. स्वतःची एक जुनी स्कूटर आहे. तिच्या आवाजाविषयी ते बोलत नाहीत. त्यांचं काम फक्त निदानाचं. दुरुस्ती हा त्यांच्या मते हाताला काळं लागणाऱ्यांचा विषय. दोष गावाचाही आहे म्हणा. भंडारा पडलं पितळी भांड्यांचं गाव. गुंड असो की गंज, बोटाने वाजवल्याशिवाय इथे घेत नाहीत. घरोघरी चारचाकी आल्या आणि तेच बोट बॉनेटवर गेलं.

त्यांचा लाडका रोग म्हणजे चाकाचं बेरिंग. पंक्चर आंधळ्यालाही कळतं, गळणारं ऑइल जमिनीवर दिसतं. त्यात विद्वत्ता कसली? बेरिंग मात्र ऐकावं लागतं. आणि या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. रोवणीच्या दिवसांत बांध्यांमधला चिखल ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांबरोबर रस्त्यावर येतो, पाण्यातून गाड्या काढाव्या लागतात, सीलमधून पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं, आणि दिवाळीच्या सुमारास गाडी घूं घूं करू लागते. मग कानसेनांचा हंगाम.

तपासणी अड्याळच्या रस्त्यावर, मोकळं बघून. काचा वर, एसी बंद, मागच्या सीटवरची पोरं चूप. साठच्या पुढे गेलं की क्लच दाबायला लावतात. इंजिनचा आवाज पडला आणि घूं घूं तशीच राहिली, तर ती चाकातली. मग गाडी जराशी उजवीकडे-डावीकडे झुलवायची. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज चढला तर डावं बेरिंग गेलं. कानसेन डोळे मिटून हे ऐकतात, आणि शेजारी चालवणाऱ्याला वाटतं, आपणही मिटावेत. शास्त्र म्हणून यात खोट नाही. खोट एवढीच, की कडेने खाल्लेला टायरही अगदी असाच गुणगुणतो, आणि कानसेन टायरला रोगाचा दर्जा द्यायला तयार नाहीत. त्यांच्या या तत्त्वापायी गावातली काही धडधाकट बेरिंगं भंगारात गेली आहेत.

एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं आणि त्यांना प्रतिस्पर्धी मिळाला: डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा. एका गुरुजींच्या घूं घूं करणाऱ्या गाडीत तो लागला, तेव्हा कानसेनांनी त्याच्याकडे, बोलावणं नसताना पंगतीत बसलेल्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"हा बोलते का काही? नाई ना? मंग रोग नाई. टेप लावून टाका त्याच्यावर."

गुरुजी घाबरट, म्हणून वाचले. दिवा लागला की साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देण्याची सोय बंद पडते. ओल्या रस्त्यावर ती नेमकी तेव्हाच हवी असते. त्यांच्या भाच्याने ऑनलाइन मागवलेलं, बिघाडाचे कोड वाचायचं स्वस्तातलं यंत्र जोडलं. ते बोलतं फक्त इंजिनशी, त्यामुळे म्हणालं, सगळं ठीक. कानसेन खूश. "पाहा, मशीन बी आपल्याच पार्टीतली हाये."

गॅरेजातल्या पोराने मोठा स्कॅनर लावला. कोड आला सी००३५: पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर. कानसेनांनीही पुढचं डावंच सांगितलं होतं. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं, तर खुळखुळत होतं. या गाडीत सेन्सर जिचे फेरे मोजतो ती चुंबकी कडी बेरिंगच्या सीलवरच असते. बेरिंग ढिलं झालं की कडी डुगडुगते, मधलं अंतर कमीजास्त होतं, मोजणी चुकते. घूं घूं आणि दिवा, दोघांचं दुखणं एकच.

"म्हणजे माह्यं आयकून दिवा लागला," कानसेन म्हणाले.

नवं बेरिंग बसलं. आवाज गेला. दिवा तसाच. कानसेनांनी गाडी ठणठणीत असल्याचं जाहीर केलं आणि चहा सांगितला. पोराचं समाधान होईना. त्याने दुकानातून तसलंच दुसरं बेरिंग आणवलं, स्टेपलरच्या पिना त्याच्या एका बाजूला धरल्या, पडल्या. दुसऱ्या बाजूला धरल्या; हलकेच चिकटल्या. ही चुंबकाची बाजू सेन्सरकडे हवी. आधीचं उलटं ठोकलं होतं. ते काढताना वाया गेलं, त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर गुरुजींचा आणि गॅरेजवाल्याचा बराच वेळ गेला. कानसेन त्या वादात पडले नाहीत. उलटं बसलेलं बेरिंग मुळीच आवाज करत नाही, हा विश्वासघात ते पचवत होते.

दुसरं बेरिंग सुलट बसलं, दिवा विझला. गुरुजींनी मोठ्या मनाने त्यांना अड्याळच्या रस्त्याने फेरी मारायला नेलं. काचा वर, एसी बंद. साठ. सत्तर. क्लच दाबून झाला, उजवीकडे झुलवून झालं, डावीकडे झुलवून झालं. कानसेन आधी पुढच्या सीटवर होते, मग गाडी थांबवून मागे जाऊन बसले, कान आधी एका दाराला आणि मग दुसऱ्या दाराला लावला. शेवटी म्हणाले,

"गुरुजी, गाडी एवढी गुपचूप चालणं बरं नाई जी. एकदा दाखवून घ्या."