पाचवा ‘का’

बिरवाडीच्या अंगाला एमआयडीसी वसली आणि आमच्या महाडात जपानी शब्द राहायला आले. खाचरातल्या चिखलात वाढलेली पोरं कंपनीच्या बसमधून उतरताना सेइरी, सेइतोन, सेइसो असं काहीबाही पुटपुटू लागली. नको ते काढा, उरलेल्याला जागा द्या, पुसून लख्ख ठेवा, याची पद्धत लावा आणि ती पद्धत अंगवळणी पाडा, असा त्या ‘फाइव्ह एस’चा साधा अर्थ. कारखान्यात याच्या फलकाशेजारी सूचनापेटी असते. तिला इवलंसं कुलूप असतं आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे, हे विचारायची सूचना आजवर कुणी पेटीत टाकलेली नसावी.

माझा भाचा अशाच एका कारखान्यात आहे. प्रशिक्षणाचा ताजा उत्साह घेऊन तो एका रविवारी आजीच्या स्वयंपाकघरात शिरला. ओट्यामागच्या भिंतीवर त्यानं झारा, उलथनं, पळी यांच्या आकृत्या काढल्या. ज्याची आकृती त्यानंच तिथं लटकायचं. आजीनं झाऱ्याच्या जागी पळी टांगली आणि ‘दिसायला एका घरातलीच आहेत’ म्हणून विषय मिटवला. मग लाल चिठ्ठ्या निघाल्या. वर्षभरात हात न लागलेल्या वस्तूला चिठ्ठी लावायची आणि नंतर ती वस्तू काढून टाकायची, असा कंपनीचा नियम. पाट्याला लागली, वरवंट्याला लागली, कल्हई उडालेल्या एका पातेल्याला लागली. आजी भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “आणि मला कुठं चिकटवतोस?” त्या दिवशीचं ऑडिट तिथंच संपलं. आकृत्या अजून भिंतीवर आहेत, फोडणीच्या वाफेनं थोड्या पिवळ्या झालेल्या.

या शास्त्राचा प्रवास मोठा मजेशीर आहे. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ 1950 साली जपानात जाऊन गुणवत्तेची व्याख्यानं देऊन आले. जपान्यांनी ती इतकी मनावर घेतली, की पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं पारितोषिक सुरू केलं. मग 1986 साली मासाकी इमाई यांनी ‘कायझेन’वर पुस्तक लिहिलं आणि तेच शहाणपण नवं पागोटं बांधून जगभर फिरलं. मोठी उडी नको, रोज थोडं सुधारा, आणि सुधारणा ज्याचा हात कामावर आहे त्यालाच सुचू द्या, हे त्याचं सार.

महाडच्या बाजारपेठेला हे शिकवायला कुणी जपानी आला नाही. तिथं सावित्री होती. महाबळेश्वरावरून निघालेली ही नदी पोलादपूरकडून खाली येते, महाडशी गांधारीला भेटते आणि बाणकोटच्या खाडीकडे जाते. वर मुसळधार पाऊस आणि खाली समुद्राला भरती अशी गाठ पडली, की पाण्याला पुढं सरकायला जागा उरत नाही; मग ते गावात चौकशीला येतं. कारखान्यातले ऑडिटर तारीख कळवून येतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात सगळीकडे रंग लागतो. नदी कळवत नाही. ती फळीन् फळी तपासते आणि शेरा भिंतीवर ओल्या मातीच्या रेघेनं मारून जाते.

माझ्या मामाच्या किराणा दुकानाची मांडणी तिनंच करून दिलेली. सगळ्यात खाली प्लास्टिकच्या बादल्या आणि खराटे, कारण त्यांना भिजण्याचं दुःख नाही. नारळही भिजायला तयार असतात, पण ते तरंगत शेजारच्या कापडवाल्याकडे जातात, म्हणून पोत्यात घालून पोत्याचं तोंड खुंटीला बांधलेलं. त्यावर साबण, त्यावर पोहे आणि साखर, मग काडेपेट्या. आणि पार वर, हात पुरणार नाही अशा फळीवर, लक्ष्मीचा फोटो आणि उधारीची वही. 2005 च्या पावसानंतर प्रत्येक फळी वीतभर वर गेली होती. सुधारणा म्हणजे काय, असं कुणी मला विचारलं असतं, तर मी ती वीत दाखवली असती.

मग 22 जुलै 2021 आला. त्या दिवशी पाणी काही भागांत पहिल्या मजल्याला जाऊन भिडलं. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावात डोंगर वस्तीवर आला. त्याबद्दल या लेखाच्या हलक्या आवाजात बोलायला माझी जीभ रेटत नाही. मामाच्या दुकानात मात्र सगळ्या फळ्या एकाच पातळीच्या ठरल्या. वही भिजून तिचा लगदा झाला. चिखल उपसणं चालू असतानाच गिऱ्हाइकं एकेक करून येऊ लागली आणि आपापली उधारी तोंडी सांगून गेली. मामानं नव्या वहीत मांडून घेतली. आकडे बरोबर होते का, असं मी विचारलं, तर म्हणाला, “ताळा करायला जुनी वही कुठं होती? पण बेरीज थोडी जास्तच भरली असं मला वाटतं.” या गोष्टीला कायझेनच्या तक्त्यात कुठला रकाना आहे, मला सापडला नाही.

पोलादपूरच्या कशेडी घाटाची गोष्ट थोडक्यात आटपते. वर्षानुवर्षं तिथल्या प्रत्येक वळणाची सुधारणा चालू होती: कठडा घाला, पट्टे मारा, फलक लावा. शेवटी मुळात वळणंच कशाला, असं कुणाच्या तरी मनात आलं आणि डोंगरातून बोगदा निघाला. 2023 च्या गणपतीत चाकरमान्यांच्या मोटारी त्यातून कोकणात उतरल्या. घाटातल्या चहाच्या टपऱ्यांना हा प्रश्न कुणी विचारायला नको होता.

प्रश्न विचारायची रीतसर पद्धत साकिची टोयोडांच्या नावावर आहे. सूत तुटलं की आपसूक थांबणारा माग त्यांनी केला. काही बिघडलं, तर पाच वेळा ‘का’ विचारावं, म्हणजे मूळ हाती लागतं, असं त्यांचं म्हणणं. हे वाचलं आणि मला आमच्याच तालुक्यातली हिरकणी आठवली. दूध घालायला रायगडावर गेलेली ही बाई, दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरून घरी गेली, अशी आख्यायिका. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून घेतला. राजाच्या बाजूनं हे बरोबरच होतं. जिथून आई उतरते, तिथून गनीम चढू शकतो. पण पाच ‘का’ विचारून पाहावेत. कडा का उतरली? दरवाजा बंद होता. का बंद? सूर्यास्तानंतर उघडायचा हुकूम नव्हता. मग तिला उशीर का झाला? इथं मी अडतो. गोष्टीत तो दिवस कोजागिरीचा सांगतात, आणि कोजागिरीला दूध खपलं नाही हे मला पटत नाही. खपलं असणार; पैसे मिळाले नसणार. ‘सुटे नाहीत, थांब जरा’, असं कुठल्याशा वाड्यातून कुणीतरी म्हटलं असणार. का म्हटलं? चांदण्यात दूध पिणाऱ्याला दूधवालीचा दिवस मावळताना दिसत नाही. आणि रात्रभर गडावर का थांबली नाही? साऱ्या गडाला दूध घालून निघालेल्या बाईचं पोर खाली भुकेलं होतं.

यातल्या तिसऱ्या ‘का’पाशी कुणी थांबलं असतं, तर कदाचित पैसे वेळेवर चुकते करण्याचा एक साधा हुकूम निघाला असता. बुरूज झाला आणि तिची वाट तेवढी बुजली. पुढच्या कोजागिरीला तिला पुन्हा उशीर झाला तर काय, हे आख्यायिका सांगत नाही.

आता पायथ्याच्या हिरकणीवाडीतून रोपवे आहे, 1996 पासून. तिच्याच नावाच्या वाडीतून माणूस काही मिनिटांत वर पोचतो. हा बदल व्हायला तीनशे वर्षं लागली, पण झाला. संध्याकाळी तोही बंद होतो. गडावर आजही आसपासच्या वाड्यांतल्या बाया ताक आणि सरबत विकतात. होळीच्या माळाजवळ मी एकीकडून ताक घेतलं, सुटे मोजून दिले आणि सहज विचारलं, “मावशी, रोपवेनं येता का?”

तिनं हंडीवरचं फडकं नीट केलं. “येईन की,” ती म्हणाली. “पण तिकिटाचे पैसे सुटायला ताक किती खपवायचं, तेवढा हिशोब तूच मांडून दे.”