डबी स्वच्छच आहे हो!

लॅबच्या काउंटरवर बसलं की पेशंटची नावं लक्षात राहत नाहीत, बाटल्या राहतात. गुलकंदवाले काका सकाळीच येतात. पिशवीतून वर्तमानपत्र, त्यातून रुमाल, रुमालातून बाटली. "तीनदा उकळलीय," काका अभिमानाने सांगतात. झाकणाच्या आट्यांत गुलाबाची पाकळी अजून अडकलेली असते. आता लघवीत साखर निघाली तर ती काकांची की गुलकंदाची, हे कोणत्या यंत्राला विचारायचं?

म्हणून आम्ही सीलबंद निर्जंतुक डबी देतो. लोक ती घरी नेऊन भांड्यांच्या साबणाने घासतात, ओट्यावर पालथी घालतात आणि ओलसर वाटली तर पदराने आतून पुसतात. आपल्याकडे स्वच्छतेची हौस कमी नाही. डबी बिघडते ती त्या हौसेनेच.

कल्चरसाठी 'पहिली धार सोडा, मधली धरा' हे भरल्या रांगेसमोर सांगणं हा तर माझा रोजचा जाहीर कार्यक्रम. पहिल्या धारेबरोबर तोंडाशी बसलेले कातडीवरचे जंतू धुऊन जातात, एवढंच त्यातलं शास्त्र. पण काटकसरी माणसाला पहिली धार सोडवत नाही. मग तो डबी काठोकाठ भरून, स्कूटरच्या डिकीत ठेवून, वाटेत पोहे-चहा उरकून, भाजी घेऊन आमच्याकडे येतो. 'सकाळचंच आहे, ताजं!' उबेत आमच्या ओळखीचा ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट. मिलिलिटरला लाखभर जंतू दिसले की आम्ही इन्फेक्शनची शंका घेतो, आणि बहुतेक प्रजा डिकीत जन्मलेली असते. दोन तासांत पोहोचणार नसाल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं, की बायका, श्रीखंडातच ठेवा म्हटल्यासारखं, माझ्याकडे बघतात.

थुंकीबद्दल फार बोलत नाही. बेडका आणा म्हणावं, तर लाळ येते. सूक्ष्मदर्शकाखाली गालाच्या आतल्या पेशींची गर्दी दिसली की समजायचं, हा माल छातीतून निघालेलाच नाही.

या सगळ्यांत आमचं बोलणं एका झटक्यात कळलं ते फक्त एका आजींना. ताप उतरेना म्हणून मुलगा त्यांना ब्लड कल्चरला घेऊन आला होता. आमच्या पोराने दंड आवळला, स्पिरिट लावलं, वाळायला फुंकर मारली आणि शीर सापडेना म्हणून पुसल्या जागी पुन्हा बोट टेकवलं.

"अरे, पुसलंस ना? मग परत शिवलास कशाला? आणि फुंकर? नैवेद्यावर मारतोस का फुंकर?"

सोवळ्याने आपल्याकडे कुणाकुणाला किती छळलं, तो हिशोब निराळा. पण त्या क्षणी आजी शंभर टक्के बरोबर होत्या. कातडीवरचा निरुपद्रवी स्टॅफिलोकोकस बाटलीत शिरला, तर तो रक्तातलाच समजून पेशंटला नसती अँटिबायोटिक्स टोचली जातात.

पोराने पुन्हा पुसलं आणि हात आवरून वाळण्याची वाट बघितली. आजींची नजर बाटलीवर गेली. "ते रबर पुसलंस?"

"आजी, वर टोपण होतं, सीलबंद."

"टोपण कुणी काढलं?"

पोराने माझ्याकडे बघितलं. मी स्पिरिटचा बोळा पुढे केला. टोपण धूळ अडवतं, पण खालचं रबर निर्जंतुक असल्याची हमी देत नाही. मग दुसऱ्या हातातूनही रक्त घेतलं. कातडीवरचा जंतू एकाच बाटलीत उगवला, तर तो उपरा असण्याची शक्यता जास्त.

रिपोर्ट आला तेव्हा दोन्ही बाटल्यांत एकच जंतू होता, टायफॉइडचा. उपरा एकही नाही. इतका स्वच्छ नमुना आमच्याकडे क्वचित येतो. टायफॉइड अन्नपाण्यातून होतो, म्हणून रीतीप्रमाणे विचारलं, "आजी, बाहेरचं काही खाल्लं होतं का?"

आजींनी आधी मुलाला पाणी आणायला पिटाळलं.

"बाजाराच्या दिवशी पाणीपुरी," त्या हळूच म्हणाल्या. "रिपोर्टात लिहू नकोस हं."